काय म्हणते पाऊसपाणी?

मृग लागला की माहूरच्या बसस्थानकाबाहेर, चहाच्या टपरीवर एक प्रश्न दिवसभरात किती वेळा विचारला जात असेल याची गणती नाही : 'काय म्हणते पाऊसपाणी?' विचारणारा वाई बाजारहून आलेला असतो, उत्तर देणारा सिंदखेडचा. दोघांच्या डोक्यावर आभाळ एकच. एकाकडे पाऊस झाला असेल तर दुसऱ्याला तो ठाऊक नसण्याचे फारसे कारण नाही. उत्तरही ठरलेले असते. 'हाय आपलं, बरं हाय.' हवामान खात्याच्या दृष्टीने या संवादाचे मोल शून्य आहे. पण चहाचा पहिला घोट घेतला की दुसरा प्रश्न येतो, 'घरी सगळे बरे?' आणि पेला रिकामा होता होता तिसरा, 'आईच्या मोतीबिंदूचं काय केलं मग?' पहिला प्रश्न नसता तर तिसरा निघालाच नसता. एकदम तिसऱ्यापासून सुरुवात करणारा माणूस आपल्याकडे आगाऊ ठरतो.

सुशिक्षित मध्यमवर्गाला अशा बोलण्याची थोडी लाज वाटते. आपण 'विषयावर' बोलणारी माणसे आहोत, असा आपला समज असतो. मराठीने तरी या बोलण्याला काय कमी नावे ठेवली आहेत? चकाट्या पिटणे, वायफळ बडबड, गावगप्पा, कुटाळक्या, रिकामटेकड्यांचा उद्योग. परंतु याच भाषेने हितगुज, गुजगोष्टी, ख्यालीखुशाली आणि विचारपूस हेही शब्द दिले आहेत. त्यातला 'विचारपूस' हा तर मोठा गोड शब्द. जुन्या मराठीत 'पुसणे' म्हणजे विचारणेच. एकाच अर्थाची दोन क्रियापदे भाषेने शेजारी शेजारी बसवली, बहुधा एकदा विचारून भागत नाही म्हणून. (डोळे पुसणेही त्याच शब्दात ऐकू येते, पण तो आपल्या कानांचा खेळ.) चहाडी कोणती आणि विचारपूस कोणती, हे भाषेला पक्के ठाऊक आहे. आपण मात्र सगळ्याच गप्पांना एका माळेत ओवून वेळेचा अपव्यय ठरवून मोकळे होतो.

पाश्चात्त्य पंडितांनाही हे कोडे पडले होतेच. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ प्रशांत महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर राहून आला आणि १९२३ साली त्याने लिहिले, की माणसे पुष्कळसे बोलणे माहिती देण्याघेण्यासाठी करीतच नाहीत; केवळ एकमेकांशी बांधलेले राहण्यासाठी करतात. पुढे रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९९६ मधल्या आपल्या ग्रंथात असा तर्क मांडला, की माकडे एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरीत तासन्‌तास बसतात, तेच काम माणूस गप्पांनी करतो. माणसांच्या बोलण्यातला सुमारे दोनतृतीयांश वेळ आपल्याच माणसांविषयी बोलण्यात जातो, असे त्याला आढळले होते. या तर्कातले माकड वाचकांस कदाचित रुचणार नाही, पण मुद्दा खरा आहे. आणि तो समजून घेण्यासाठी ट्रोब्रियांडपर्यंत जाण्याचेही कारण नाही. माहूरगडाच्या पायऱ्या पुरेशा आहेत.

महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांतील हे पूर्ण पीठ. येथे रेणुकामातेचा प्रसाद म्हणून तांबूल मिळतो. विड्याची पाने मसाल्यासह कुटून केलेला. कुटलेला असल्यामुळे दात गेलेल्या आजीलाही तो चालतो, हा त्याचा एक मोठाच गुण. अन्य देवस्थानांचे लाडू-पेढे मी खाल्ले आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु जगन्मातेने प्रसाद म्हणून नेमका विडाच द्यावा यात एक घरगुती जिव्हाळा आहे. आपल्याकडे पाहुण्याचे जेवण झाले, हात धुऊन झाले, की पानाचे तबक पुढे येते. विडा हा भोजनाचा शेवट आणि गप्पांचा आरंभ. पान लावता लावता जे बोलणे निघते ते जेवताना निघत नाही. माहूरची आई आपल्या लेकरांना जणू तेच सांगते, की दर्शन झाले, आता घटकाभर बसा.

आणि माणसे बसतातही. नवरात्रात दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणाऱ्यांचे बोलणे कधी कान देऊन ऐकावे. 'कोण गावचे?' 'वर गर्दी कितपत?' 'तुमचीही कुलस्वामिनी हीच का?' शेवटच्या प्रश्नाला होकार मिळाला, की दोन अनोळखी कुटुंबे एकाच आईची लेकरे होऊन जातात आणि उतरताना एकमेकांच्या मुलांना कडेवर घेतात. विदर्भातला, मराठवाड्यातला, तेलंगणातला भाविक येथे एका पायरीवर टेकतो. मराठी, तेलुगू, बंजारा बांधवांची गोरमाटी आणि गोंडी या चारही भाषा त्या पायऱ्यांवर कानी पडतात. व्याकरण कुणाचेच जुळत नाही. पण 'लेकरू कितवीत आहे?' हा प्रश्न सगळ्यांना समजतो.

पाराचे आणि चावडीचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र लपवू नये. त्या पारावर सर्वांना बसता येत नव्हते. कुणी दूर उभे राहून बोलायचे, कुणी बोलायचेच नाही, आणि स्त्रियांच्या गप्पांना पाणवठ्याखेरीज जागा नव्हती. गावाने ज्यांना गप्पांत घेतले नाही त्यांना सुखदुःखातही घेतले नाही, हा आपल्या समाजाचा कटू इतिहास आहे. समरसतेची भाषणे पुष्कळ झाली. ज्याच्या घरी आपण बसून नुसत्या गप्पा मारल्या आहेत अशी भिन्न जातीची घरे किती, हा हिशेब प्रत्येकाने मनातल्या मनात करून पाहावा. कार्यक्रमाला गेलेली घरे त्यात धरू नयेत. गप्पांसाठी गेलेली धरावीत.

किरकोळ बोलण्याला आपल्या पूर्वजांनी किती किंमत दिली होती, याचा सर्वांत मोठा पुरावा मराठी गद्याच्या पहिल्याच पानावर आहे. माहूर हे महानुभाव पंथीयांचेही श्रद्धास्थान. श्रीदत्तात्रेयप्रभूंनी व्याघ्ररूपात येऊन श्रीचक्रपाणी अर्थात चांगदेव राऊळांच्या मस्तकी पंजा ठेवला तो येथेच, अशी त्या पंथाची श्रद्धा आहे. याच परंपरेतील श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. कसे? ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून, विचारून, आठवणी जुळवून. स्वामी कुठे बसले होते, कोण आले, कोणी काय विचारले, त्यावर स्वामी काय म्हणाले. तत्त्वज्ञान त्यात आहेच. पण ते जेवणखाण, वाटचाल, रुसवेफुगवे, भाबड्या शंका यांच्या पोटात सुखाने नांदते. एखाद्या शिस्तप्रिय संपादकाने 'फक्त महत्त्वाचे ठेवा' म्हणून कात्री चालवली असती, तर मराठीचा पहिला गद्यग्रंथ पत्रकाएवढा उरला असता. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी लीळाचरित्राचे नाव अभिमानाने घेतले. त्या ग्रंथाचा बराचसा मजकूर म्हणजे माणसांचे आपसातले साधे बोलणे आहे, हे तेव्हा फारसे कुणी बोलले नाही.

या साध्या बोलण्याला सत्ताही भिते. ज्या भागाविषयी आपण बोलत आहोत तो १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. किनवटचा परिसर तर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्याला जोडलेला होता. १९२० च्या दशकात निजाम सरकारने 'गश्ती निशाण ५३' हे फर्मान काढले, त्यान्वये पूर्वपरवानगीशिवाय सभा घेणे अशक्य झाले. व्यासपीठ गेले, ध्वनिक्षेपकाचा प्रश्नच नव्हता. मग उरले काय? वाड्याची ढाळज, देवळाचा ओटा, बाजारचा दिवस आणि उन्हाळ्यात रात्री अंथरुणे घातलेले माळवद. मराठवाड्यातील जुन्या पिढीला माळवदावरच्या रात्रींविषयी विचारून पाहावे. शेजारची माळवदे एकमेकांना लागून असत. अंधारात कोण बोलले ते दिसत नसे, आवाजावरून ओळखू येई. तिथे पीकपाण्यापासून सुरू झालेले बोलणे पैनगंगेपलीकडच्या बातम्यांवर जाई. नदीच्या पलीकडे वऱ्हाड होते, तेथे निजामाची हुकमत चालत नव्हती आणि मुक्तिसंग्रामाच्या शेवटच्या पर्वात उमरखेडसारख्या ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांचे तळ होते. भाषणबंदी करता येते. 'काय म्हणते पाऊसपाणी?' या प्रश्नावर बंदी घालणारे फर्मान कोणत्या कोतवालाने बजावायचे? १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले, त्याचे श्रेय सरदार पटेलांच्या निर्धाराला, सैन्याच्या कारवाईला आणि हौतात्म्य पत्करलेल्या वीरांना आहेच. पण तोवर माणसे धीर धरून राहिली, त्यात या रात्रीच्या बोलण्याचाही वाटा होता असे मी मानतो.

संघाच्या वाचकांना याबाबत वेगळे सांगायला नको खरे तर. पण सांगावे लागते. १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात डॉ. हेडगेवारांच्या घरी मंडळी जमली आणि संघ सुरू झाला. संघाला नाव मिळाले ते एप्रिल १९२६ मध्ये. म्हणजे सहा महिने माणसे जमत होती, भेटत होती, बोलत होती आणि संस्थेला अजून नाव नव्हते. आजकाल आपण आधी नाव, मग बोधचिन्ह, मग फलक आणि सर्वांत शेवटी माणसे शोधतो. नाना पालकरांनी लिहिलेले डॉक्टरांचे चरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांना डॉक्टरांच्या घरच्या बैठका आठवत असतील. तेथे थट्टामस्करी चाले, हास्याचे फवारे उडत. कुणाच्या परीक्षेची चौकशी होई, कुणाच्या घरच्या अडचणीची. आलेल्या तरुणाला आपल्यावर काही संस्कार होत आहे असे वाटत नसे, म्हणूनच तो होत असे. डॉक्टर मितभाषी नव्हते आणि उपदेशकही नव्हते. ते गप्पिष्ट होते, असे म्हटले तर काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी पडेल. पडू द्या.

आणीबाणीत संघावर ४ जुलै १९७५ रोजी बंदी आली. शाखा बंद, वृत्तपत्रांवर नियंत्रण. तेव्हा संपर्काची जी साखळी टिकली ती लग्नाकार्यांतून, स्वयंपाकघरांतून, 'सहज आलो होतो' म्हणत टाकलेल्या फेऱ्यांतून. येरवड्याच्या कारागृहात बाळासाहेब देवरसांसह संघाचे कार्यकर्ते होते आणि त्यांच्या सहवासात समाजवादीही होते. एरवी जे एकमेकांच्या विचारांवर अग्रलेख लिहीत, ते तेथे एकमेकांच्या घरच्या पत्रांची वाट पाहू लागले. अग्रलेखांनी जे झाले नव्हते ते थोडेफार अशा सहवासाने झाले. पुढे राजकारणाने त्याचे काय केले तो विषय निराळा.

आता भ्रमणध्वनीकडे वळू. माहूर-किनवट भागातले कितीतरी तरुण शिक्षणासाठी आणि रोजगारासाठी नांदेड, हैदराबाद, नागपूर, पुणे येथे गेले. गावचा पार त्यांना सोबत नेता आला नाही. त्यांनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर मांडला. दहावीच्या जुन्या तुकडीचा एक गट असतो, भावकीचा एक, गल्लीचा एक. आमच्या वयाची माणसे या प्रकाराकडे पाहून नाके मुरडतात, 'काय ते दिवसभर बोटे चालवणे' म्हणतात. मला तसे वाटत नाही. कुणी पहाटे पेरणी झालेल्या वावराचे छायाचित्र टाकतो. पुण्याच्या संगणक कंपनीत रात्रपाळी करून परतलेला त्याचा मित्र विचारतो, 'वाण कोणतं रं?' या मित्राला वाणाशी काही कर्तव्य नाही, त्याने दहा वर्षांत तिफण पाहिलेली नाही. पण 'वाण कोणतं' या दोन शब्दांत तो गावच्या पारावर येऊन बसलेला असतो.

किंवा सासरी दूर गेलेल्या मुलीला आईचा रोजचा निरोप घ्या. 'आज काय केलंस जेवायला?' पृथ्वीवरचा सर्वांत क्षुल्लक प्रश्न. मुलीने लिहिले, 'खिचडी टाकली.' दुसऱ्या दिवशी खिचडी. तिसऱ्या दिवशीही खिचडीच आली, की आई फोन उचलते. 'बरं नाही का गं?' मुलीने आजाराचा शब्द काढलेला नसतो. कदाचित आजार नसेलही, घरात काही बिनसले असेल, मन उडाले असेल. रोजच्या उत्तरांची सवय असल्याशिवाय आजचे उत्तर निराळे आहे हे कळत नाही. ज्या घरांत वर्षातून दोनदा सणाच्या शुभेच्छाच पाठवल्या जातात तेथे ते कळण्याचा संभवच नाही.

या नव्या पारावर खरी विघ्ने दोन आहेत, आणि पहिले आपल्याच मंडळींनी आणले आहे. गटात एक जागरूक कार्यकर्ता असतो. त्याला वाटते, शंभर माणसे आयती एकत्र आहेत, प्रबोधनाची संधी दवडू नये. सकाळी सुभाषित, दुपारी इतिहासातील विस्मृत पान, रात्री दहा मिनिटांची चित्रफीत. हेतू शुद्ध असतो. मध्येच कुणी 'बाबांना दवाखान्यात ठेवलंय' असे लिहितो आणि त्याच्या खाली आठ मिनिटांत राष्ट्रासमोरील आव्हानांवरचे तीन संदेश येऊन पडतात. बाबांची वार्ता वर सरकते, दिसेनाशी होते. ज्याच्या वडिलांच्या आजारपणात आपण दोन शब्द विचारले नाहीत, त्याने आपल्या विचाराशी सहमत व्हावे ही अपेक्षा कोणत्या न्यायाने? लोक वाद घालत नाहीत, ते गटाचा आवाज बंद करून ठेवतात. त्याहून कठोर प्रशासकही असतात. 'येथे फक्त उपयुक्त माहिती टाकावी, अवांतर गप्पा नकोत' असा नियम करणारे. असे गट महिनाभरात स्मशानशांत होतात आणि प्रशासक समाजाच्या अनास्थेवर खेद व्यक्त करतात.

दुसरे विघ्न याहून भयंकर. ते म्हणजे अफवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठार केले. सोलापूरकडून भिक्षेसाठी फिरत आलेली ही माणसे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात भ्रमणध्वनीवरून पसरले होते. आठवडी बाजाराचा दिवस होता. ज्या गोसाव्यांना पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आयाबहिणींनी सुपातून धान्य घातले, तेच दारात आले असता आपल्याच समाजाने त्यांना मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक असेच जमावाच्या हाती गेले. तेथेही चोर-अपहरणकर्त्यांच्या वार्ता आधी पसरलेल्या होत्या. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राला घालता येईल ती मर्यादा यंत्राला घातली गेली.

गप्पांमुळे अफवा पसरते, असे यावर कुणी म्हणेल. मला उलट दिसते. अफवेला गप्पा चालत नाहीत. गप्पांत समोरचा माणूस विचारतो, 'तुला कुणी सांगितलं? त्यानं पाहिलं का? कोणत्या गावी?' दोन प्रश्नांत अफवेचा दम उखडतो. पुढे ढकललेल्या संदेशाला असे कुणी विचारत नाही, कारण त्याला तोंडच नसते. आणि परक्या माणसाचे तर काय सांगावे. जुन्या चालीनुसार फिरस्ता गावात आला, की पारावरचा म्हातारा त्याला बसवून घेई. 'कोण गावचे पाव्हणे? कोणत्या मठाचे? यंदा तिकडं पाऊस कसाय?' ही निव्वळ करमणूक नव्हती, गावाची राखणही होती. आणि पाहुण्याला अभयही तेथेच मिळे. राईनपाड्याच्या बाजारात त्या पाच जणांना कुणी चहा देऊन असे बसवले असते तर, हा प्रश्न मनातून जात नाही.

ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्री नेमला, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना हसू आले. कुटुंबव्यवस्था मोडल्याची फळे, असे आपण म्हणालो. ते पूर्णतः चुकीचे नव्हते. पण आपल्या घरात डोकावून तरी पाहिले होते का? कापूस आणि सोयाबीन यांवर उभा असलेला आमचा मराठवाडा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर ओळखला जातो. कर्ज, नापिकी, पडलेले भाव, या कारणांची चिकित्सा तज्ज्ञ करतात आणि करीत राहावी. धोरणे बदलायला हवीत यात शंका नाही. गप्पांनी कर्ज फिटत नाही. परंतु अशा घरी सांत्वनाला गेलेल्या माणसाला एक वाक्य हटकून ऐकायला मिळते : 'आठ-पंधरा दिवसांपासून कुणाशी बोलतच नव्हता.' बोलत नव्हता हे घरच्यांना उमगले होते. गावाला का उमगले नाही? पारावर ठरावीक दगडावर बसणारा माणूस चार दिवस दिसला नाही, की पूर्वी कुणीतरी उठून त्याच्या दाराशी जाऊन हाक मारी. 'काय रं, दिसला न्हाईस?' दोनशे जणांच्या गटात एक जण बोलायचा थांबला, तर ते कुणाच्या ध्यानी येते? उलट शुभ सकाळच्या फुलांखाली त्याचे मौन झाकून जाते. त्याने संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या दिसतात.

म्हणून मला वाटते, गट लहान असावेत आणि त्यांत अवांतर बोलणे भरपूर असावे. वीस जणांच्या गटात एकाची गैरहजेरी खुपते. प्रबोधनासाठी पाहिजे तर स्वतंत्र गट करावा, ज्यांना हवे ते त्यात येतील. उरलेल्यांत आपण कार्यकर्ते म्हणून नव्हे, तर अमक्याचा वर्गमित्र म्हणून, तमक्याचा शेजारी म्हणून असावे. ज्याचे आपल्याशी राजकीय मत जुळत नाही त्याच्या मुलीच्या बारावीच्या निकालाची चौकशी सर्वांत आधी आपण करावी. हे धोरण म्हणून करू नये. तसे केले की समोरच्याला चटकन कळते, आणि त्याचे ते कळणे योग्यच असते.

संघाची शताब्दी २०२५ च्या विजयादशमीला झाली. त्या निमित्ताने गृहसंपर्काचे मोठे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले. कुटुंब प्रबोधनात आठवड्यातून एकदा घरच्या सर्वांनी एकत्र बसून जेवावे, बोलावे, असाही आग्रह आहे. दोन्ही गोष्टी उत्तम. धास्ती एकच वाटते. आपल्याला वृत्त देण्याची सवय आहे. किती घरे झाली, किती पत्रके दिली, किती मिनिटे संवाद झाला. घरातला कर्ता म्हणतो, 'बसा की, चहा टाकतो', आणि आपला तरुण कार्यकर्ता घड्याळ पाहत म्हणतो, 'नको काका, अजून चाळीस घरं आहेत.' काका पत्रक घेतात, दार लोटतात. त्या घरात काकूंचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, मुलगा हैदराबादहून सहा महिने आलेला नाही, हे पत्रक देणाऱ्याला कळत नाही आणि काकांनाही सांगायचे राहून जाते. वृत्तात मात्र ते घर 'झाले' म्हणून नोंदले जाते. चाळीसपैकी पंचवीस राहिली तरी चालतील, पण पंधरा घरी चहा पिऊन यावे, असे मी सांगितले तर मुख्य शिक्षक रागावतील कदाचित.

माहूरहून परतणारी माणसे या बाबतीत अजून शहाणी आहेत. नवरात्रात गडावरून तांबूल आणायचा तो एकट्याने खायला नव्हे. पुडी घेऊन शेजारच्या दारात जायचे, ज्यांना या वर्षी जाणे झाले नाही त्यांच्याकडे आधी. प्रसाद देऊन लगेच पाठ फिरवणे शोभत नाही. मग रांग किती होती, गाडी कुठे बंद पडली, घाटात पाऊस लागला का, असा सगळा वृत्तान्त सांगून होईपर्यंत शेजारची म्हातारी तांबूल जिभेवर घोळवीत बसते. ती शेवटची माहूरला कधी गेली होती, तेव्हा सोबत कोण कोण होते, त्यांतले आता किती उरले, ते ती यानंतर सांगायला घेते.